'व्हायकिंग' या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका पाहून, ओस्लो-स्टॉकहोमची सहल करून आलेले किंवा मुलांच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हायकिंग म्हणजे नेमके कोण? देश, जात की धंदा?

धंदा. तोही बारमाही नाही. तेव्हाच्या नॉर्वे-डेन्मार्क-स्वीडनकडच्या लोकांच्या भाषेत, म्हणजे जुन्या नॉर्समध्ये, दोन शब्द होते. 'विकिंग' हा स्त्रीलिंगी शब्द म्हणजे समुद्रावरची मुलुखगिरी आणि 'विकिंगर' हा पुल्लिंगी शब्द म्हणजे ती करणारा. 'तो विकिंगवर गेला' असं म्हणत, आणि परत आला की तो पुन्हा शेतकरी, व्यापारी किंवा जमीनदार असे. आजच्या नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये तेव्हा राहणारे बहुसंख्य लोक आयुष्यात एकदाही विकिंगवर गेले नाहीत. तरी आज त्या सगळ्यांना सरसकट व्हायकिंग म्हणतात. असं का झालं ते प्रश्न ११ मध्ये.

२. व्हायकिंग, वायकिंग की विकिंग? मराठीत काय लिहायचं?

'व्हायकिंग' हा इंग्रजी उच्चार आहे आणि मराठीत तो रुळला आहे, तोच चालवावा. मूळ उच्चारात पहिला स्वर दीर्घ 'ई' होता, म्हणजे 'वीकिंगर'. स्वीडिश-नॉर्वेजियन आजही 'विकिंग' म्हणतात. या पानावर मूळ शब्दाविषयी बोलताना 'विकिंग', 'विकिंगर' आणि एरवी 'व्हायकिंग' लिहिलं आहे.

३. शेवटी 'किंग' आहे, म्हणजे राजाशी काही संबंध?

अजिबात नाही. फोड 'वीक + इंग' अशी आहे, 'व्हाय + किंग' अशी नाही. समुद्रावरच्या राजाला नॉर्समध्ये वेगळाच शब्द होता, 'सेकोनुंगर'. आइसलँडचा इतिहासकार स्नॉरी स्टुर्लुसन याने त्याची खूण सांगितली आहे. जो काजळी धरलेल्या आढ्याखाली कधी झोपत नाही आणि चुलीच्या कोपऱ्यात बसून कधी पीत नाही, तोच खरा सेकोनुंगर. असे 'राजे' भूमीविना, नुसत्या जहाजांच्या जोरावर राजे होते.

४. शब्द आला कुठून?

हाच सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि अभ्यासकांचं यावर एकमत नाही. दावेदार चार आहेत.

पहिला 'वीक', म्हणजे खाडी, समुद्राचा आत शिरलेला तुकडा. खाडीत दबा धरून बसणारा तो विकिंगर. ऐकायला छान, शाळेच्या पुस्तकांतही हेच असतं. पण त्या किनाऱ्यावर खाडी कोण वापरत नव्हतं? कोळी, व्यापारी, प्रवासी सगळेच. मग नाव एकट्या लुटारूंनाच का चिकटलं?

दुसरा 'वीक' हे विशेषनाम, म्हणजे ओस्लोच्या फ्योर्डभोवतीचा (लांब, अरुंद खाडीभोवतीचा) प्रदेश. नॉर्वेत राहणाऱ्या वाचकांना 'विकेन' हे नाव ओळखीचं असेल. २०२० ते २०२३ या चार वर्षांत त्याच नावाचा जिल्हाही होता. '-इंग' हा प्रत्यय 'तिथला, त्या घरचा' असा अर्थ देतो, म्हणजे चिपळूणचा तो चिपळूणकर तसा वीकचा तो विकिंगर. अडचण अशी की त्या प्रदेशातल्या लोकांना नॉर्स ग्रंथ 'विकवेरिर' म्हणतात, विकिंगर नाही. शिवाय इंग्लंडवरच्या सर्वांत जुन्या हल्ल्यांपैकी ज्या एकातले लोक कुठले होते ते नोंदलेलं आहे, त्यातली माणसं पश्चिम नॉर्वेतल्या होर्डालांडची होती, ओस्लोकडची नव्हेत.

तिसरा जुन्या इंग्रजीतला 'विक', म्हणजे तळ, व्यापारी वस्ती. लंडनचं एक जुनं नाव लुंडेनविक, यॉर्कचं एओफोरविक, आजच्या साउथहॅम्प्टनजवळचं हामविक. हा लॅटिन 'विकुस' वरून आला आणि त्याचं नातं थेट संस्कृत 'विश्' (वस्ती, प्रजा) शी आहे. 'वैश्य' त्याच कुळातला. ही व्युत्पत्ती खरी असेल तर व्हायकिंग आणि वैश्य लांबचे भाऊबंद ठरतील! शब्दाची सर्वांत जुनी नोंद इंग्लंडमधली आहे (प्रश्न ५), ही या मताची जमेची बाजू.

चौथा दावेदार वल्हेकऱ्यांच्या पाळीचा. नॉर्समध्ये 'विका' म्हणजे आठवडा आणि 'विका'च समुद्रावरचं अंतर मोजण्याचं माप. दोन्हींच्या मुळाशी 'पाळी बदलणं' ही कल्पना. दमलेला वल्हेकरी उठला, ताज्या दमाचा बसला, तेवढ्यात जहाज जितकं पुढे गेलं ती एक विका. जवळच्या 'वीक्या' या क्रियापदाचा अर्थ बाजूला सरणं, वळणं. मग 'विकिंग' म्हणजे पाळ्या लावून वल्हवण्याइतका लांबचा प्रवास, आणि 'विकिंगर' म्हणजे त्या प्रवासातला माणूस. हे मत स्वीडनच्या बर्टिल डागफेल्ट यांनी १९८३ मध्ये मांडलं आणि नॉर्वेचे एल्दार हाइदे यांनी २००५ मध्ये ते सविस्तर लढवलं.

मग तुम्हाला यातलं कुठलं पटतं?

चौथं. कारण पहिल्या तीन मतांना फक्त माणसाचं नाव समजावून सांगता येतं. 'विकिंग' हे मोहिमेचं स्त्रीलिंगी नाव कुठून आलं, यावर ती अडखळतात. पाळीच्या मतात आधी प्रवास येतो आणि मग प्रवासी, तेही सरळपणे. शिवाय उत्तरेकडे शिडं रुळली ती सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास. त्याआधी सगळी मदार वल्ह्यांवर. शब्द त्या काळचा असेल तर वल्ह्यांशी त्याचं नातं असणं ओघाने आलंच. 'रूस' हा शब्दही बहुधा वल्हवण्यावरूनच आला आहे (प्रश्न १०), त्यामुळे हा अंदाज आणखी बळावतो. आक्षेपही आहे. 'विका' मधला स्वर ऱ्हस्व आणि 'वीकिंग' मधला दीर्घ, त्यामुळे 'वीक्या' क्रियापदाचा पूल घालावा लागतो. एवढा पूल मला चालतो, सगळ्यांना चालत नाही.

५. हा शब्द ७९३ च्या लिंडिस्फार्न हल्ल्यानंतर आला ना?

त्याआधीचा आहे. इसवी सन ७०० च्या सुमाराच्या एपिनाल-एर्फुर्ट नावाच्या लॅटिन-इंग्रजी शब्दयादीत चाचेगिरीच्या लॅटिन शब्दासमोर 'विकिंग' असलेला जोडशब्द लिहिला आहे. म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर ८ जून ७९३ रोजी जहाजं आली, तेव्हा इंग्लंडमधल्या शिकलेल्या माणसाला 'विकिंग' म्हणजे चाचा हे ठाऊक होतं.

त्याहून गमतीची नोंद बायबलच्या 'निर्गम' कथेवरच्या जुन्या इंग्रजी काव्यात आहे. त्यात लाल समुद्र ओलांडणाऱ्या इस्रायली लोकांपैकी रूबेनच्या वंशजांना 'सेविकिंगास', म्हणजे समुद्री विकिंग, म्हटलंय. त्या कवीच्या डोक्यात नॉर्वे-डेन्मार्क नव्हतं. समुद्रावरून चालून जाणारे शूर योद्धे, एवढाच अर्थ होता.

६. ते स्वतःला व्हायकिंग म्हणवून घेत होते का?

काही जण, कधी कधी. पुरावा दगडावर कोरलेला आहे. दक्षिण स्वीडनमधल्या वेक्ख्यो गावच्या शिळेवर 'टोकी, टोकी विकिंगर' याने गुन्नार नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ दगड उभारला असं लिहिलंय, आणि शेवटी 'देव त्याच्या आत्म्याला साहाय्य करो'. म्हणजे स्वतःला उघडपणे व्हायकिंग म्हणवणारा हा गृहस्थ ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना कोरून ठेवतो! स्कोने प्रांतातल्या वेस्त्रा स्ट्रो इथल्या शिळेवर फादिर नावाच्या माणसाने आपला भाऊ आस्सुर याच्यासाठी रुन (त्या काळच्या लिपीतली) अक्षरं खोदवली. तो 'उत्तरेत विकिंगवर असताना' मेला. इथे शब्द मोहिमेचा आहे, माणसाचा नाही.

आणि ब्रो गावची शिळा उलट बाजूची. गिन्लाउग नावाच्या बाईने नवऱ्याच्या स्मरणार्थ पूल बांधला आणि दगड उभारला. हाही आस्सुरच, पण दुसरा. तो गेइतिर नावाच्या माणसाबरोबर 'विकिंगांवरचा पहारेकरी' होता, असं त्यावर आहे. म्हणजे स्वीडनच्या किनाऱ्यावर व्हायकिंगांपासून संरक्षण करायला माणसं नेमावी लागत होती. व्हायकिंग विरुद्ध बाकी युरोप असं चित्र ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ही एक शिळा लक्षात ठेवावी.

'विकिंगर' हे पाळण्यातलं नावही असे. आइसलँडमध्ये आजही आहे, पियानोवादक विकिंगुर ओलाफसन यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल.

७. शब्द मानाचा होता की शिवीसारखा?

कोण कोणाला म्हणतोय यावर अवलंबून. आपल्या घराण्यातला मोहिमेवर गेला तर पराक्रम, आपल्या किनाऱ्यावर आला तर दरोडेखोर.

एगिल स्काल्लाग्रिमसन या आइसलँडच्या कवीच्या कथेत तो लहानपणीच एक कविता म्हणतो. आईने सांगितलंय, मला चांगल्या वल्ह्यांचं जहाज घेऊन देणार, मी विकिंगांबरोबर जाणार आणि एखाद-दुसऱ्याला कापून काढणार! आईला याचं कौतुकच होतं.

दुसरीकडे आइसलँडच्या वसाहतीचा वृत्तांत सांगणाऱ्या लांडनामाबोक ग्रंथात ओल्विर नावाचा मोठा विकिंगर आहे. त्याला टोपणनाव 'बार्नाकार्ल', म्हणजे पोरांचा माणूस. का? तर भाल्याच्या टोकांवर तान्ही मुलं झेलण्याचा जो प्रकार 'तेव्हा विकिंगांत रूढ होता', तो त्याने आपल्या माणसांना करू दिला नाही. हे लिहिणारे लोक त्यांचेच वंशज होते, शत्रू नव्हते. प्रकार खरोखर रूढ होता की नाही हा वेगळा वाद, पण तेराव्या शतकातल्या आइसलँडरला आपल्या पूर्वजांच्या धंद्याबद्दल काय वाटत होतं ते या एका टोपणनावात दिसतं.

धंदा शेतीच्या वेळापत्रकात कसा बसे, त्याचा नमुना ऑर्कनी बेटांच्या इतिहासकथेतल्या स्वेन आस्लेइफर्सनचा. गेअर्सी बेटावर त्याचा वाडा. हिवाळाभर तो ऐंशी माणसं पोसायचा. वसंतात स्वतः उभा राहून पेरणी करून घ्यायचा आणि मग हेब्रिडीज व आयर्लंडकडे लुटीला निघायचा. ती 'वसंत-विकिंग'. मध्य उन्हाळ्यानंतर घरी. कापणी झाली, धान्य घरात आलं की पुन्हा बाहेर, थंडीचा एक महिना सरेपर्यंत. ती 'शरद-विकिंग'. एकदा त्याने इंग्लंडची कापडाने भरलेली दोन जहाजं लुटली आणि परतताना ते भारी कापड शिडांवर टाचून मिरवत आणलं. त्या मोहिमेला लोकांनी 'कापड-विकिंग' असंच नाव पाडलं. हा स्वेन ११७१ मध्ये डब्लिनला मारला गेला. ही तारीख प्रश्न १३ साठी लक्षात ठेवा.

८. त्या काळचे इंग्रज त्यांना व्हायकिंगच म्हणत असतील ना?

फार कमी. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या वर्षवार नोंदींत, बहुतेक ठिकाणी 'डेन', 'नॉर्थमेन' किंवा 'पाखंडी लोक' असे शब्द आहेत. ७९३ च्या नोंदीतही 'विकिंग' नाही. शब्द येतो तो छोट्या टोळ्यांसाठी. ८७९ मध्ये टेम्सकाठी फुलहॅमला 'विकिंगांची एक टोळी' तळ ठोकून बसली, ८८५ मध्ये स्टूर नदीच्या मुखाशी विकिंगांची सोळा जहाजं.

पहिल्या नोंदीत टोळीसाठी वापरलेला शब्द 'ह्लोथ' आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा इने याच्या कायद्यात त्याची चक्क व्याख्या आहे. सात माणसांपर्यंत चोर, सात ते पस्तीस म्हणजे ह्लोथ, त्याहून जास्त म्हणजे 'हेरे', सैन्य. आणि ८६५ मध्ये इंग्लंडवर उतरलेल्या प्रचंड फौजेला इतिवृत्त 'मोठी पाखंडी हेरे' म्हणतं. थोडक्यात, लहान टोळी असेल तर ते विकिंग, राज्य घ्यायला आले तर ते सैन्य.

९. बाकीचे लोक काय म्हणत?

ज्याला जे दिसलं ते. फ्रँक (आजच्या फ्रान्स-जर्मनीकडचे) लोक 'नॉर्थमन', उत्तरेकडचे. आयरिश 'गाल', परके, त्यात पुन्हा गोरे परके आणि काळे परके असे भेद. डोनेगल या परगण्याच्या नावाचा अर्थ 'परक्यांचा किल्ला', आणि डॉइल हे आयरिश आडनाव 'काळा परका' यातून आलंय. अंदालुसियातल्या, म्हणजे स्पेनमधल्या, अरबांनी ८४४ मध्ये सेव्हिलवर चालून आलेल्यांना 'मजूस' म्हटलं. हा मूळचा इराणच्या अग्निपूजकांसाठीचा शब्द. म्हणजे मुंबईच्या पारशांचे पूर्वज आणि हे समुद्री लुटारू त्या लेखकांच्या खात्यात एकाच नावाखाली! जर्मनीतल्या ब्रेमेनचा पाद्री आडाम अकराव्या शतकात लिहितो की त्या चाच्यांना तिकडचे लोक 'विकिंगी' म्हणतात आणि आमचे लोक 'आस्कोमानी', म्हणजे ॲश लाकडाच्या जहाजांवरचे.

१०. रूस, वारांगियन, नॉर्मन हे सगळे व्हायकिंगच ना?

मूळ प्रदेश तोच, पण नावं अदलाबदल करू नयेत.

'रूस' हे पूर्वेकडच्या नद्यांवर व्यापार-लूट करणारे. फिनिश भाषेत स्वीडनला आजही 'रुओत्सी' म्हणतात, त्याच्या मुळाशी वल्हवण्याचा नॉर्स शब्द असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. ८३९ मध्ये फ्रँक सम्राट लुई याच्या दरबारात स्वतःला 'रोस' म्हणवणारे लोक आले, चौकशी केली तर ते स्वीड निघाले. बगदादहून निघालेल्या इब्न फदलान या अरब प्रवाशाने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी ज्यांचा अंत्यविधी पाहिला, तेही रूसच. त्याने 'व्हायकिंग' शब्द लिहिलेला नाही.

'वारांगियन' म्हणजे शपथ घेतलेले, करारबद्ध. बायझंटाइन सम्राटाच्या पदरचे भाडोत्री रक्षक. हा पगारी धंदा, विकिंगच्या अगदी उलट. नॉर्मनांचे पूर्वज नक्कीच लुटीला आले होते, पण ९११ मध्ये त्यांचा म्होरक्या रोलो याला सीन नदीच्या मुखाकडचा मुलूख मिळाल्यावर त्याच्या वंशजांनी फ्रेंच भाषा आणि ख्रिस्ती धर्म घेतला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमला व्हायकिंग म्हणणं ओढूनताणून आहे.

११. मग सगळ्यांना 'व्हायकिंग' म्हणायला सुरुवात कधी झाली?

एकोणिसाव्या शतकात. मधल्या कित्येक शतकांत इंग्रजीतून हा शब्द जवळजवळ गेलाच होता. आइसलँडमध्ये मात्र हस्तलिखितांत टिकला.

१८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावला. देश खचलेला होता. १८११ मध्ये स्टॉकहोममध्ये काही तरुणांनी प्राचीन उत्तरेचं वैभव जागवायला 'गोथिक संघ' स्थापला. त्याच वर्षी संघाच्या मासिकात एरिक गुस्ताफ गेयर यांची 'व्हायकिंग' नावाची कविता आली. पंधराव्या वर्षी ज्याला आईची झोपडी अपुरी वाटू लागते आणि विशीत जो समुद्रात मरतो, असा तिचा नायक. त्यानंतर १८२५ मध्ये एसायास टेग्नेर यांचं 'फ्रित्योफ सागा' हे काव्य आलं आणि त्याची इंग्रजी-जर्मनमध्ये भाषांतरांवर भाषांतरं झाली. चाचा गेला, स्वातंत्र्यप्रेमी वीर आला. मग १८८० मध्ये नॉर्वेत गोक्स्टाड आणि १९०४ मध्ये ओसेबर्ग इथे अख्खी जहाजं खणून काढली गेली. ओसेबर्गच्या जहाजात दोन बायकांचं दफन होतं, तरी त्याला 'व्हायकिंग जहाज' हेच नाव पडलं. तोवर शब्द धंद्याचा राहिला नव्हता, अख्ख्या काळाचा आणि समाजाचा झाला होता.

१२. शिंगांची शिरस्त्राणं?

नव्हती. १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या संगीतिकेसाठी कार्ल एमिल डोपलर यांनी पोशाख केले, तिथून ती पसरली. नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेलं येर्मुंडबू इथलं खरं शिरस्त्राण गोल, बिनशिंगी आहे. डेन्मार्कच्या वेक्सो इथली शिंगवाली शिरस्त्राणं कांस्ययुगातली, व्हायकिंगांहून दीड हजारावर वर्षं जुनी.

१३. 'व्हायकिंग युग' ७९३ ते १०६६ असं नेमकं कसं ठरलं?

इंग्लंडच्या सोयीने. लिंडिस्फार्नच्या हल्ल्याने सुरुवात, आणि २५ सप्टेंबर १०६६ रोजी स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्द्रादा पडला तो शेवट. बाकी ठिकाणी या तारखा बसत नाहीत. ७८९ च्या नोंदीत डोरसेटच्या किनाऱ्यावर तीन जहाजं आली होती आणि विचारपूस करायला गेलेल्या अधिकाऱ्यालाच त्यांनी ठार केलं. शेवटाचं म्हणाल तर स्वेनची शेवटची मोहीम ११७१ ची (प्रश्न ७). शाळेच्या तक्त्याला तारखा लागतात म्हणून त्या असू द्याव्यात.

१४. बायका व्हायकिंग असत का?

व्याकरणाने पाहिलं तर 'विकिंगर' पुल्लिंगीच. दंतकथांत हेर्वोर नावाची मुलगी पुरुषी नाव घेऊन विकिंगांबरोबर जाते, तेही पुरुषाच्या वेशात. खरा वाद आहे तो स्वीडनच्या बिर्का इथल्या ५८१ क्रमांकाच्या कबरीवरून. १८७८ मध्ये उत्खनन झालं, शस्त्रं, दोन घोडे आणि सोंगट्या सापडल्या. पुरुष योद्धा म्हणून सगळ्यांनी धरून चाललं. २०१७ मध्ये डीएनए तपासलं तर ती बाई निघाली. योद्धा होती असं म्हणणं मला मान्य होण्यासारखं आहे, कारण पुरुष समजत होते तोवर त्याच वस्तूंवरून कुणी शंका घेतली नव्हती. पण 'व्हायकिंग' म्हणायला ती समुद्रावर मोहिमेला गेली हे दिसायला हवं, आणि कबर ते सांगत नाही.

१५. डीएनए चाचणीत 'व्हायकिंग रक्त' निघतं, ते खरं का?

स्कँडिनेव्हियन वंश निघू शकतो, व्हायकिंग नाही. धंदा रक्तात सापडत नाही. २०२० मध्ये ४४२ सांगाड्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऑर्कनीत व्हायकिंग पद्धतीने तलवारींसह पुरलेले काही पुरुष स्कँडिनेव्हियन वंशाचे नव्हतेच, स्थानिक होते.

१६. ते भारतात आले होते का?

तसा पुरावा नाही. हा प्रश्न बहुधा स्वीडनमधल्या हेल्ग्यो बेटावर १९५६ मध्ये सापडलेल्या छोट्या कांस्य बुद्धमूर्तीमुळे येतो. मूर्ती साधारण सहाव्या शतकातली, वायव्येकडच्या स्वात खोऱ्याच्या बाजूची. ती हातोहात, अनेक व्यापाऱ्यांकडून तिकडे पोचली असणार. मूर्ती गेली म्हणजे माणसं आली असं होत नाही.

१७. आजच्या आइसलँडमध्ये हा शब्द कसा वापरतात?

पर्यटकांसमोर अभिमानाने. आपसात मात्र त्याला एक बोचरा अर्थ आला आहे. २००० नंतर ज्या उद्योगपती-बँकवाल्यांनी कर्जं काढून परदेशात कंपन्या विकत घेतल्या, त्यांना 'उत्रासारविकिंगर', बाहेर मुसंडी मारणारे विकिंग, असं नाव पडलं. आधी ते कौतुकाचं होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये देशातल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या आणि तोच शब्द शिवीसारखा उच्चारला जाऊ लागला.